न दिसलेली धमनी बंदच असते का?

पक्षाघाताच्या रुग्णाच्या सीटी अँजिओग्राफीत मानेतली इंटर्नल कॅरोटिड दिसली नाही, की रिपोर्टमधलं वाक्य ठरलेलं असतं : 'धमनी उगमापासून बंद; कारण बहुधा अथेरोस्क्लेरोसिस.' म्हणजे मानेत कॅरोटिड दुभंगते त्या फाट्यावर चरबीचा थर साचला आणि त्यानेच वाट बुजवली. हे मत आमच्या व्यवसायात इतकं मुरलं आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही. माझा त्याला विरोध आहे, कारण त्यापायी वाचू शकणारा मेंदू हातचा जातो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. 1951 मध्ये मिलर फिशर यांनी मानेतली बंद कॅरोटिड आणि पक्षाघात यांचं नातं ठळकपणे मांडलं. लक्षणं देणारी 70 ते 99 टक्के अरुंद कॅरोटिड शस्त्रक्रियेने साफ केली तर पुढचे झटके टळतात, हे 1991 मध्ये 'नॅसेट' अभ्यासाने दाखवलं. फाट्याजवळचा फुगीर भाग चरबी साचण्याची नेहमीची जागा आहे, यातही वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे. 'डाय दिसत नाही, म्हणजे तिथेच अडथळा' या अनुमानातला हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचारी आहे : साध्य नसतानाही तो हजर असतो.

कसा, ते धमनीची रचनाच सांगते. इंटर्नल कॅरोटिडला मानेत सहसा एकही शाखा नसते. समजा, हृदयातून सुटलेली गुठळी थेट कवटीच्या आत गेली, ही धमनी जिथे दुभंगते तिथे अडकली आणि तिने अलीकडच्या शाखांची तोंडंही बुजवली. आता खालच्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नाही. अख्खा स्तंभ जागीच थबकतो. शेवटची तोटी बंद असलेल्या पाइपात रंग सोडून पाहा : तोंडाशी घुटमळेल, पुढे सरकणार नाही. शेजारची एक्स्टर्नल कॅरोटिड लख्ख भरते आणि इंटर्नल मानेतच तुटल्यासारखी दिसते. अडथळा वर, आभास खाली.

चाळिशीतल्या एका शेतकरी बाईंचं स्कॅन अजून डोळ्यांसमोर आहे. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. रिपोर्ट वर दिला तसाच. 'जुना ब्लॉक असेल, वर जायला रस्ताच नाही,' असंही कुणी म्हणालं. पण फाट्याच्या भिंती गुळगुळीत होत्या, कॅल्शियमचा कण नाही, दुसऱ्या बाजूची कॅरोटिड स्वच्छ. डायची कडा कापल्यासारखी नव्हती, वर जाता जाता विरत गेली होती. आणि मनगटावरची नाडी पूर्ण अनियमित. उशिराच्या टप्प्यातली चित्रं मागवली. डाय हळूहळू वर चढलेला दिसला. कॅथ लॅबमध्ये त्या 'बंद' धमनीतून कॅथेटर विनाअडथळा कवटीपर्यंत गेला. गुठळी टोकाशी होती. ती निघाली आणि धमनी तळापासून वरपर्यंत भरली. मानेत चरबीचा थर कुठेच नव्हता. नंतरच्या इकोत संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप दिसली. आपल्याकडे हा आजार अजून सरलेला नाही, म्हणून तर युरोप-अमेरिकेतला अंदाज इथे डोळे मिटून लावणं मला पटत नाही.

विरत जाणारी कडा हा मात्र पुरावा नव्हे. धमनीच्या भिंतीचं अस्तर फाटून आत रक्त शिरलं, म्हणजे डिसेक्शन झालं, तरी चित्र असंच निमुळतं दिसतं. तिथे तरुण वय, मानदुखी, एका डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली, या खुणा शोधाव्या लागतात.

आक्षेप येतो : 'दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरत असताना कारण कसलं शोधता? आधी गुठळी काढा.' घाई मलाही मान्य आहे. पण मल्टिफेज अँजिओग्राफीतले पुढचे टप्पे काही सेकंदांत होतात, जादा डायही लागत नाही. उलट कारण चुकलं तर दोन्ही बाजूंनी नुकसान. जुना ब्लॉक समजून रुग्णाला थ्रॉम्बेक्टॉमीच, म्हणजे कॅथेटरने गुठळी काढणंच, नाकारलं जातं, किंवा मानेत स्टेंट टाकायच्या तयारीने प्लेटलेटविरोधी औषधं सुरू होतात आणि ताज्या जखमी मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुढच्या औषधांचंही तेच. त्या बाईंना नुसती ॲस्पिरिन देऊन घरी पाठवलं असतं तर झडपेमागून दुसरी गुठळी सुटायला मोकळीक होती. त्यांना वॉरफरिन हवं होतं. झडपेचा हा आजार आणि अनियमित नाडी एकत्र असतील तर रिव्हारोक्साबॅनपेक्षा तेच सरस, हे 2022 च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत दिसलं.

म्हणून माझी मागणी रिपोर्टच्या भाषेपासूनच सुरू होते. पहिल्या टप्प्याच्या चित्रावरून 'उगमापासून बंद' असं लिहू नये. 'डाय या जागेपलीकडे पोचलेला नाही. अडथळ्याची जागा अनिश्चित, उशिराचा टप्पा पाहावा' एवढंच लिहावं, आणि कारणाचा रकाना इको, ईसीजी आणि गुठळी निघाल्यानंतरचं धमनीचं चित्र हाती येईपर्यंत मोकळा ठेवावा.