ठराव कशासाठी लिहायचा? : १९४२ च्या नागपूर महिला परिषदेची गोष्ट



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, "या वेळचा ठराव काय लिहिला?" गटातल्या एक काकू म्हणाल्या, "ठराव तर बँकेसाठी असते, ताई. आम्ही सह्या करतो, तुम्हीच लिहा काय लिहायचं ते." सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना मात्र वाईट वाटत राहिलं. ज्या कागदावर आपण न वाचता सही करतो, त्याच ठरावानं आपल्या आज्या-पणज्यांनी केवढं काम केलं होतं! आज तीच गोष्ट सांगते.

तारीख होती २० जुलै १९४२. पावसाळ्याचे, निंदणाचे दिवस. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. त्या वेळच्या नोंदी सांगतात की सुमारे २५ हजार बाया आल्या होत्या. मोटार नाही, मोबाईल नाही, हातात मजुरीचे मोजके पैसे, तरी एवढ्या बाया जमल्या. परिषदेच्या अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्ष होत्या कीर्तिबाई पाटील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तिथे भाषण केलं.

एवढ्या बाया एका दिवसात जमल्या नाहीत. त्यामागे वीस वर्षांचं काम होतं. ते समजायला नागपूरच्या जाईबाई चौधरींची गोष्ट ऐकावी लागते. जाईबाई रेल्वे स्टेशनवर हमाली करायच्या, डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं त्यांना शाळेत शिकवण्याचं काम मिळालं. पण बाईची जात कळली आणि लोकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. नोकरी गेली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःचीच मुलींची शाळा काढली, संत चोखामेळा कन्या पाठशाळा. हक्क काय असतो हे कळायला आधी अक्षर कळावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

इकडे वऱ्हाडातही हालचाल सुरू होती. १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख त्या चळवळीत पुढे होते. नोव्हेंबरात अमरावतीला परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. सुलोचनाबाईंचं अमरावती ते हे.

मग आली १९३७ ची डिसेंबर अखेर. देशभरातल्या शिकलेल्या बायांची मोठी संघटना, अखिल भारतीय महिला परिषद, तिचं अधिवेशन नागपुरात भरलं. जाईबाईही तिथे गेल्या. व्यासपीठावर स्त्रियांच्या समान हक्कांची भाषणं झाली, आणि जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं. आपल्याकडची कुणीही बाई असती तर म्हणाली असती, "जाऊ द्या, मोठ्या लोकांच्या तोंडी कोण लागते!" या बायांनी जाऊ दिलं नाही. १ जानेवारी १९३८ ला सभा घेतली आणि झालेल्या अपमानाचा जाहीर निषेध केला. समानतेची भाषा करणाऱ्यांच्या पंगतीतही समानता आहे का, हे कुणीतरी बघावं लागतं. ते काम त्यांनी केलं.

म्हणजे १९४२ पर्यंत शाळाही झाली होती आणि डोळे उघडे ठेवायची सवयही झाली होती. राहिलं होतं मागणं. ते त्यांनी ठरावांतून मागितलं. काय मागितलं ते ऐका.

नवरा-बायकोचं पटत नसेल तर बाईलाही घटस्फोटाचा हक्क हवा. एक बायको असताना पुरुषाला दुसरी करता येऊ नये, तसा कायदा हवा. गिरणीत, विडीच्या कारखान्यात, नगरपालिकेत आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना पगारी रजा हवी, कामावर इजा झाली तर भरपाई हवी, वीस वर्षं काम केल्यावर पेन्शन हवी. गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच हवी. मुलींसाठी सरकारी खर्चानं वसतिगृह हवं. आणि कायदेमंडळात व स्थानिक संस्थांत बायांसाठी राखीव जागा हव्यात.

देश स्वतंत्र व्हायला अजून पाच वर्षं होती. नागपुरात एम्प्रेस मिल, गावोगाव जिनिंग-प्रेसिंग, विड्यांची कामं, सगळीकडे बायांचे हात होते. त्या ठरावांत पुस्तकातलं काही नव्हतं. रोज जे अंगावर येत होतं, तेच त्यांनी ओळीनं लिहिलं होतं.

मैत्रिणींनो, आता हिशोब करू. दुसऱ्या लग्नाला बंदी आणि घटस्फोटाचा हक्क हिंदू विवाह कायद्यानं दिला, १९५५ मध्ये. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे तेरा वर्षं लागली, आणि त्याआधी हिंदू कोड बिल अडलं म्हणून, इतर कारणांसह, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला १९६१ मध्ये. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला १९६६ मध्ये. ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या १९९३ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात निम्म्या झाल्या २०११ मध्ये. लोकसभा आणि विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली २०२३ मध्ये, म्हणजे त्या ठरावानंतर ८१ वर्षांनी. तिची अंमलबजावणीही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतरच होणार आहे.

हे सगळं त्या एका परिषदेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्यासाठी पुष्कळ लोक झटले. पण आपल्याला काय हवं आहे ते त्या बायांनी नेमकं लिहून ठेवलं होतं. म्हणूनच काय मिळालं आणि काय राहिलं हे आज आपण मोजू शकतो.

आणखी एक गोष्ट सांगते. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. मसुद्यातल्या पहिल्या कलमात जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ 'सर्व पुरुष' असा निघत होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी तो बदलायला लावला आणि 'सर्व माणसे' असा अर्थ होईल असा शब्द आला. हंसाबेन त्याच अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष राहिल्या होत्या, जिच्या नागपूरच्या पंगतीत जाईबाईंना वेगळं बसवलं होतं. एकच संघटना जगाला समानता शिकवू शकते आणि स्वतःच्या पंगतीत चुकूही शकते. आपल्या गटाचंही तसंच आहे. विधवा बहिणीला आपण हळदीकुंकवाला बोलावतो का? मजुरी करणाऱ्या बाईला अध्यक्ष होऊ देतो का? लक्ष तिथूनच ठेवायचं.

आता आपल्या हातातलं काम. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या गावात ती होते का, की नुसतं रजिस्टर घरोघरी फिरून सह्या गोळा होतात, ते बघा. सभा झाली तर ठराव लिहून होईपर्यंत उठू नका. तो मोठ्यानं वाचून घ्या. नंतर त्याची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. निवडून आलेली बाई असेल आणि तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसत असेल, तर तिला आपल्या गटात बोलवा, दोष देऊ नका, बळ द्या.

आणि पुढच्या मासिक बैठकीत ठराव वही उघडाल तेव्हा बचतीचा आणि कर्जाचा ठराव झाल्यावर एक ओळ आपली लिहा. नळाची असो, मजुरीची असो, पोरीच्या बसची असो. खाली तारीख टाका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना ती ओळ दोनदा वाचून दाखवा, मग त्यांची सही किंवा अंगठा घ्या.

आपल्या नातींना कधीतरी मोजता आलं पाहिजे, आज्यांनी काय मागितलं होतं ते.