मतदार विसरला नव्हता : नोटबंदी आणि पुण्याची 2017ची निवडणूक

"जनतेची स्मरणशक्ती अल्प असते" हे वाक्य हरलेल्या नेत्यांना फार आवडतं. दोष मतदारावर गेला की स्वतःचा हिशेब द्यावा लागत नाही. पुण्यापुरतं तरी ते खोटं आहे, असं आमचं म्हणणं आहे.

तारखाच बघा. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री 500 आणि 1000च्या नोटा रद्द झाल्या. देशातल्या चलनाचा सुमारे 86 टक्के हिस्सा एका भाषणात बाद झाला. पुणे महापालिकेचं मतदान 21 फेब्रुवारी 2017ला झालं, म्हणजे 105 दिवसांनी. त्याच्या आदल्याच दिवशी बचत खात्यातून आठवड्याला काढता येणारी रक्कम 24 हजारांवरून 50 हजार झाली होती. मत द्यायला निघालेल्या माणसाला स्वतःचेच पैसे काढण्यावर अजून बंधन होतं. नाक्यावरचा बिगारी, धुणीभांडी करणारी बाई, कचरा वेचणारी मावशी यांची कमाई रोखीची. ते 105 दिवसांत काय विसरणार?

तरीही 2012 साली 26 नगरसेवक असलेला भाजप 162 जागांच्या सभागृहात 90च्या पुढे गेला.

महापालिकेचं मत पाणी-ड्रेनेजसाठी असतं, नोटबंदीसाठी नाही, असं कुणी म्हणेल. पण पुणे मेट्रोचं भूमिपूजन करायला पंतप्रधान 24 डिसेंबरला, म्हणजे त्यांनीच मागितलेल्या 50 दिवसांच्या आत, पुण्यात आले होते. मत त्यांच्याच चेहऱ्यावर मागितलं गेलं. श्रेय दिल्लीचं चालतं, तर जाब का नको?

खरं कारण वेगळं आहे. त्रास सगळ्यांना आठवत होता, पण त्याचा अर्थ दुसऱ्यानेच सांगून ठेवला होता. रांगेतल्या माणसाला वाटत होतं, माझे दोन दिवस गेले, पण बंगल्यातल्याची थप्पी कागद झाली. हा राग खोटा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या उतरंडीच्या तळाशी राहिलेल्याला वरचा एकदा तरी घाबरलेला दिसणं, याचं मोल फार असतं. थप्पी कागद झालीच नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या अहवालातून ऑगस्ट 2018मध्ये पक्कं झालं. रद्द झालेल्या नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या होत्या. तोवर नगरसेवक खुर्चीत बसून दीड वर्ष झालं होतं.

दुसरा अर्थ वस्तीत सांगायचा कुणी? काँग्रेस-राष्ट्रवादीवर सिंचनाच्या आरोपांचं ओझं होतं. आणि रिपब्लिकन पक्षाच्या आठवले गटाचे उमेदवार पुण्यात कमळ चिन्हावर उभे होते. पुढे उपमहापौरपदही त्यांच्याकडे आलं. ज्यांनी जाब विचारायचा, तेच पाटीवर. त्यात 30 डिसेंबरला पैसे पाठवण्याच्या सरकारी अ‍ॅपला 'भीम' नाव मिळालं. बाबासाहेबांनीच दर दहा वर्षांनी नोटा बदलायला सांगितलं होतं, असे मेसेज फिरले. 1923च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये तसं काही नाही. चलन काढण्याचा सरकारचा अधिकार मोकळा सोडू नये, ही त्या ग्रंथातली काळजी आहे. एका अर्थशास्त्रज्ञाचं नाव घ्यायचं आणि त्याचं अर्थशास्त्र गाडायचं, याला आम्ही अपघात मानत नाही.

उलट उदाहरणही आहे. 1998मध्ये कांदा महागला आणि दिल्लीत भाजपचं सरकार गेलं. कांद्याचा भाव रोज हातात पडत होता आणि विरोधक तोच भाव गल्लीगल्लीत ओरडून सांगत होते. मतदार तेव्हाही असेच होते.

पुण्यात तर जाब विचारायची जागाच नंतर बंद झाली. त्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट जानेवारी 2026मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं, आणि प्रशासकाला मत मागायला वस्तीत यावं लागत नाही.