कार्लचा विसावा

जर्मनीतल्या दुर्लाखचा राजवाडा १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी जाळला. पंचवीस वर्षे उलटली तरी तो धड उभा राहिला नव्हता. अखेर तिथला संस्थानिक कार्ल विल्हेल्म याने जवळच्या हार्टवाल्ड जंगलात १७ जून १७१५ रोजी नव्या वाड्याच्या मनोऱ्याची पायाभरणी केली. नव्या जागेचे नाव ठेवले कार्ल्सरूहे, म्हणजे कार्लचा विसावा. शिकारीत दमून तो इथेच झोपला आणि त्याला स्वप्नात शहर दिसले, अशी दंतकथा आहे.

मनोऱ्यापासून चहूदिशांना ३२ रस्ते फुटले. बहुतेक जंगलात शिरले. दक्षिणेकडच्या नऊ रस्त्यांवर शहर वसले. नकाशात ते उघडलेल्या पंख्यासारखे दिसते.

विसावा शोधणाऱ्या या माणसाने माणसे मात्र स्वतःच बोलावली. जंगलात राजधानी चालवायची तर गवंडी, सुतार, व्यापारी हवेतच. २४ सप्टेंबर १७१५ च्या सनदेने येणाऱ्यांना फुकट जमीन, घरासाठी लाकूड, वीस वर्षे करमाफी आणि धर्मस्वातंत्र्य देऊ केले. लुथरपंथी, कॅल्व्हिनपंथी, कॅथलिक, ज्यू असे सगळेच आले. त्या काळात ज्यूंना दारे बंद असलेली जर्मन शहरे कमी नव्हती. म्हणून ही सनद मोठी.

१७२८ मध्ये कार्लने एक लेख कोरवून घेतला. एकांतात सृष्टी न्याहाळत दिवस काढायचे होते, पण लोक आले आणि त्यांनी हे सारे बांधले, असा त्याचा आशय. त्यात तक्रारीपेक्षा कबुलीच अधिक आहे. एकांताची हौस त्याने बागेत भागवली. तिथे ट्युलिपच्या हजारो जाती होत्या.

१७३८ मध्ये तो वारला. बाजारचौकातल्या चर्चमध्ये त्याला पुरले. शहर वाढले तसे १८०७ मध्ये चर्च पाडले गेले, थडगे तेवढे जागेवर राहिले. वास्तुविशारद फ्रीडरिश वाइनब्रेनर याने त्यावर लाल वालुकाश्माचा पिरॅमिड बांधला. तो १८२५ मध्ये पुरा झाला. चौकात आजही ऐन वर्दळीत तो उभा आहे.

१९४४ च्या बाँबहल्ल्यांत वाडा जळाला. पुढे तो पुन्हा बांधून त्यातले संग्रहालय परत उघडले. १९५१ पासून जर्मनीचे घटना न्यायालयही याच शहरात आहे. त्याची आजची इमारत वाड्याला लागूनच आहे. मूलभूत हक्कावर गदा आली तर सामान्य माणूस वकिलाशिवाय, शुल्क न भरता इथे अर्ज करू शकतो. दरवर्षी असे हजारो अर्ज येतात.