तळटीप : ‘ग्रेट ग्रीन’ की ‘ग्रीन ग्रेट’?

१. इंग्रजीत विशेषणांची रांग सहसा ठरलेली असते : आधी मत, मग आकारमान, वय, रंग, देश आणि शेवटी पदार्थ. म्हणून ‘अ लव्हली ओल्ड इटालियन क्लॉक’ कानाला गोड लागते आणि ‘इटालियन ओल्ड लव्हली क्लॉक’ खटकते. लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी सातेक वर्षांचे असताना लिहिलेल्या गोष्टीत ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ असे शब्द होते. असे म्हणता येत नाही, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’च म्हणावे लागते, हे आईने सांगितले. त्याचे कारण काय, हे कोडे आपल्याला अजून सुटलेले नाही, असे त्यांनी कवी ऑडन यांना १९५५च्या पत्रात कळवले.

क्रियाविशेषणाचे रूप तर अर्थच फिरवते. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप कष्ट करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जवळजवळ कामच करत नाही.

मराठी माणूस मात्र अडखळतो तो उभयान्वयी अव्ययांपाशी. ‘जरी… तरी’ ही जोडी अंगवळणी पडल्याने तो ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असे सहज लिहून जातो. इंग्रजीला त्यातले एकच पुरते. वाचकांनी ‘ऑल्दो’ ठेवावे किंवा ‘बट’.