ध्रुवीकरण : प्रकाशाचे आणि माणसांचे

1808 साली पॅरिसमध्ये एतियेन मालुस याने राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवताना प्रकाश कमी-जास्त होऊ लागला. या गुणधर्माला पुढे त्याने जे नाव दिले, त्यालाच आपण ध्रुवीकरण म्हणतो.

साधा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावतो. ध्रुवक काच त्यातली एकच दिशा पुढे सोडते, निम्मा प्रकाश अडवते. पुढे दुसरी काच काटकोनात धरली की अंधार.

माणसांचेही असेच होते. एकच माणूस शेतकरी असतो, विणकर असतो, शेजारी असतो. मग एक दिवस त्याची धर्म एवढीच ओळख शिल्लक ठेवली जाते.

मराठवाड्याने हे 1948 साली भोगले. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा प्रमुख होता. रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केले. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. हा मुक्तिदिन आपलाही आहे. पण नंतर रझाकारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद (लातूर तेव्हा त्यातच होते), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे नोंदवले. राज्यभरात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

प्रकाशाच्या प्रयोगाचा एक भाग मात्र अजून सांगायचा आहे. काटकोनातल्या त्या दोन काचांच्या मधे तिसरी काच तिरकी धरली, तर अंधारातून पुन्हा प्रकाश येतो. फार नाही, पंचेचाळीस अंशांत धरली तर मूळ प्रकाशाच्या एक अष्टमांश. पण येतो.

‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान ही अशीच तिसरी काच. मुसलमान असून त्यांनी भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडली. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. दुसरीकडे, मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू विणकर उभे राहिल्याची नोंद सुंदरलाल समितीनेच केली आहे. त्या विणकरांना एकमेकांचा धंदा आठवत होता, शेजार आठवत होता.

रझाकारांचे जुलूम सांगताना आपण अडखळतो, नंतरच्या कत्तली सांगताना समोरचा अडखळतो. नांदेड-लातूरमध्ये राहणाऱ्या आपण दोघांनीही दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला शिकले पाहिजे. मधे तिरके उभे राहणे म्हणजे एवढेच.