गोधडीचा दोरा आणि मशीनची टीप

#धागा

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापड वाहून नेणाऱ्या ट्रकसमोर आडवे होऊन प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. जन्म १९०८ चा. पोटासाठी मुंबई गाठलेला गिरणीकामगार. त्यांचे बलिदान सर्वांना ठाऊक आहे. ज्या कापडावरून तो लढा पेटला, त्या कापडाचे घरात पुढे काय होई, हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

लुगडे विरले की त्याची गोधडी होई. कुठे तिला वाकळ म्हणतात. यामागे साधे गणित आहे. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार थर केले की साधारण दोन मीटर लांबीचे, एका माणसापुरते अंथरूण तयार. आत धोतर, सदरे, पोरांची झबली. जिथे विरले तिथे ठिगळ. मग कडेपासून आत, चौकोनामागून चौकोन, हाताचा धावदोरा.

हा दोरा ठिगळांचे जोड जुमानत नाही. एक ठिगळ संपून दुसरे सुरू झाले तरी टाक्यांची ओळ तशीच पुढे जाते. कारण तिचे काम जोड झाकण्याचे नसून सगळे थर एकजीव करण्याचे आहे. शिवाय धावदोरा एकच असतो. तो ओढला की निघतो. म्हणून गोधडी उसवता येते, थर धुता येतात, फाटका थर बदलून पुन्हा शिवता येते.

शिलाई मशीनचे तत्त्व याच्या नेमके उलट. एलियास होव यांना १८४६ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या पेटंटमधील टाका दोन दोऱ्यांचा आहे: वरचा सुईतला आणि खालचा. दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे पेटंट आले आणि पुढे त्यांच्या कंपनीची यंत्रे भारतातही घरोघरी ओळखीची झाली. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन तयार होऊ लागली.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मधील एका संभाषणात सिंगरच्या मशीनला मात्र अपवाद मानले. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगर यांनी ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. (सिंगर यांचा प्रत्यक्ष संसार पाहता ही कथा फारच उदार आहे, अनेक स्त्रियांशी त्यांचे संबंध होते आणि मुलांची संख्या वीसच्या आसपास.) परदेशी कापड नको, पण ते शिवणारे परदेशी यंत्र चालेल, हा स्वदेशीच्या विचारातला विसंगत वाटणारा, तरीही समजण्याजोगा कोपरा आहे. कष्ट कोणाचे हलके होतात, हा त्यामागचा निकष होता.

गोधडीवर मात्र हे यंत्र सहज चालत नाही. मशीनचे दाते खालचा थर पुढे ढकलतात, वरचा थर दाबपट्टीखाली मागे रेंगाळतो आणि चुण्या पडतात. म्हणून आधी सगळीकडे कच्चे टाके घालावे लागतात. सुई जाड, टाका लांब. हाताचा दोरा कडेकडून मध्याकडे येतो, तर मशीनवर मध्यापासून कडेकडे जावे लागते, म्हणजे सरकलेले जादा कापड बाहेर निघून जाते. सर्वांत नाजूक काम जोडावरचे. दोन ठिगळे जोडताना उरलेली माया एका बाजूला दाबायची. ती बाजू थोडी उंच राहते, दुसरी सखल. टीप सखल बाजूने, जोडाच्या अगदी खाचेतून चालवायची. वरून ती दिसतच नाही. हाताच्या गोधडीत दोरा मिरवतो. इथे त्याचे कौशल्य लपण्यात आहे.

पण खरा फरक कापडाने घडवला. विरलेल्या लुगड्यावर मशीनने दाट टीप मारली तर सुईच्या छिद्रांची सलग रांग तयार होते आणि कापड त्याच रेषेवर फाटते. दोन दोऱ्यांची टीप उसवताना तर उरलेसुरले सूतही जाते. सारख्या जाडीचे, मजबूत कापड यंत्राला मानवते. चार पिढ्यांचे उरलेसुरले नाही. त्यामुळे मशीनबरोबर गोधडीत नवे कापड शिरले. कष्ट वाचले, हे खरेच. महिनाभर फावल्या वेळात चालणारे काम थोड्या दिवसांवर आले आणि त्या फावल्या वेळाचा हिशोब कधी कोणी बाईला विचारला नव्हता. तेव्हा हाताच्या टाक्यासाठी हळहळणाऱ्यांनी जरा जपून हळहळावे.

तरी इतिहासाच्या अभ्यासकाचे एक नुकसान झालेच. जुनी गोधडी वरून झिजली की तिच्यावर नवा थर चढे; जुने आतच राही. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, त्याच्या बातम्या आहेत. गावातल्या घरात मँचेस्टरचे कापड किती आले, गिरणगावातले किती, हातमागाचे किती, याची नोंद कोणत्या दप्तरात शोधायची? अशी एखादी हाताने शिवलेली गोधडी उसवली, तर ती थराथराने वाचता येते.