तीन चाकांची गाडी आणि ढिला पट्टा

पिठाच्या गिरणीत पट्टा ओरडू लागला म्हणजे गिरणीवाला काय करतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. माझ्या लहानपणी आमच्या गावची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चाले. इंजिन एका खोलीत, जाते दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या भिंतीच्या भोकातून ये-जा करणारा तो लांबच लांब पट्टा. पावसाळा लागला की पट्टा कुरकुर करायचा. इंजिन आपले धडधडत असायचे, पण जाते मंद व्हायचे आणि पीठ जाडेभरडे पडू लागायचे. गिरणीवाले काका आम्हा पोरांना दूर हाकलायचे आणि पट्ट्याला राळ लावायचे. तेवढ्याने भागले नाही तर इंजिन बंद करून पट्ट्याचा चार बोटे तुकडा कापायचे आणि दोन्ही टोके वादीने पुन्हा शिवायचे. एकदा मात्र त्यांनी तुकडा जरा जास्तच कापला. पट्टा इतका ताठ बसला की बेअरिंग तापून धूर निघाला, आणि दोन दिवस सगळ्या गावाने भातावर काढले.

ही गोष्ट सांगायचे कारण असे की जगातली पहिली म्हणून जी मोटारगाडी ओळखली जाते, ती अशाच पट्ट्यावर चालत होती. तिला चाकेही तीनच होती. तिचा इतिहास आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि शिकवतो : कार्ल बेंझ याने मोटारीचा शोध लावला. ओळ खोटी नाही, पण फार आखूड आहे.

बेंझ हा जर्मनीतल्या मानहाइम शहरातला यंत्रज्ञ. त्याच्या कारखान्यात एका जागी बसून चालणारी गॅसची इंजिने तयार होत. तसले इंजिन गाडीवर चढवावे हा त्याचा ध्यास. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या गाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि त्याच वर्षी ३ जुलैला मानहाइमच्या रस्त्यावर ती लोकांसमक्ष चालवून दाखविली. इंजिनाला सिलिंडर एकच, ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर वेग तासाला सुमारे १६ किलोमीटर. पुढे एकच चाक ठेवले, कारण पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळविण्याची युक्ती त्याच्या मनासारखी साधली नव्हती. आज रिक्षा वळताना पाहिली की मला त्याची ती अडचण आठवते.

आता इंजिनाचे फिरणे चाकांपर्यंत न्यायचे कसे? त्या काळी कोणत्याही कारखान्यात जा, छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राकडे उतरत. बेंझने तीच वहिवाट गाडीत आणली. इंजिनाकडून पट्टा निघे तो बैठकीखालच्या एका आडव्या दांड्यावर जाई, आणि त्या दांड्याच्या दोन टोकांपासून दोन साखळ्या मागच्या दोन चाकांना फिरवीत. दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या असत. एक दांड्याला पक्की बसविलेली, दुसरी नुसतीच मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की इंजिन चालू आणि गाडी उभी. दांडी ओढून पट्टा पक्क्या पुलीवर सरकविला की गाडी निघाली. ज्यांनी इंजिनावरची गिरणी किंवा गुऱ्हाळ जवळून पाहिले आहे, त्यांना हे आणखी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण कारखान्यातला पट्टा छपराखाली असतो. त्याला पाऊस नाही, चिखल नाही, चढ नाही. गाडीतल्या पट्ट्याच्या नशिबी हे सगळेच आले. चामड्याचा गुण असा की ओढ बसली की ते हळूहळू लांबते. नवा पट्टा तर पहिल्या काही दिवसांतच ताणला जातो. ओल लागली की आणखी सैल पडतो. सैल पट्टा सपाटीवर कसाबसा काम देतो, पण चढ आला, ओझे वाढले, की पुली फिरते आणि पट्टा तिच्यावरून नुसता घसरतो. घसरला की तापतो, तापला की आतून चकचकीत होतो, आणि चकचकीत झाला की पहिल्याहून जास्त घसरतो. म्हणून ढिला पट्टा वेळीच आवळावा लागतो. त्यासाठी एक तर दोन पुल्यांमधले अंतर वाढवायचे, नाही तर पट्टा कापून आखूड करायचा. जाणता कारागीर तो बेतानेच आवळतो. आमच्या काकांसारखा ताठ केला तर बेअरिंग जाते. राळ हा घटकाभराचा इलाज, तिने पुढे चामडे बिघडते. त्यापेक्षा एरंडेल चोळून पट्टा मऊ ठेवणे बरे. आणखी एक खुबी आहे. पट्टा आडवा धावत असेल तर ओढीची बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवावी. वरची बाजू झोळासारखी खाली येते आणि पुलीला जास्त वेढा बसतो. वेढा वाढला की पकड वाढते. हे शहाणपण पुस्तकात नंतर आले, आधी कारागिराच्या हातात होते.

तर अशी ही गाडी तयार होऊन दोन वर्षे झाली तरी तिला गिऱ्हाईक मिळेना. घोड्याशिवाय पळणारा हा धूर ओकणारा गाडा लोक कुतूहलाने बघत, पण पैसे टाकून घेणार कोण? बेंझ स्वभावाने सावध. गाडी लांब नेऊन दाखविण्याची त्याची तयारी नव्हती. ती तयारी होती त्याच्या बायकोची.

बेर्टा बेंझ ही फोर्त्सहाइम गावची, १८४९ सालचा तिचा जन्म. लग्न १८७२ मध्ये झाले, पण त्याआधीच आपल्याला मिळावयाच्या हुंड्याच्या रकमेतून तिने होणाऱ्या नवऱ्याचा धंदा सावरला होता. भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला मोकळे करण्यासाठी तो पैसा वापरला गेला. पेटंटावर मात्र नाव एकट्या कार्लचे आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे तिने थोरल्या दोघा मुलांना, पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेरा वर्षांच्या रिचर्डला, बरोबर घेतले आणि नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. जायचे होते माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कोणीच केलेला नव्हता. रस्ता म्हणजे घोडागाड्यांनी चाकोऱ्या पाडलेला रस्ता. पेट्रोल पंप, गॅरेज हे शब्दच जन्मले नव्हते.

मग अडचणी आल्या त्या कोणी सोडविल्या? हीच या गोष्टीतली खरी गंमत आहे. इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानात ती गेली. लिग्रोइन नावाचे एक द्रव डाग काढण्यासाठी औषधवाल्याकडे मिळे, तेच गाडीत घातले. ते गाव आजही जगातला पहिला पेट्रोल पंप आपलाच, असे अभिमानाने सांगते. इंधनाची नळी तुंबली, ती बेर्टाने आपल्या टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. विजेची तार घासून उघडी पडली, तिला मोजा बांधायच्या पट्टीचे आवरण दिले. इंजिन थंड ठेवायला पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून जागोजाग थांबून पाणी भरावे लागे. एवढे झाले तोवर साखळ्या ताणून सैल पडल्या आणि दात्यांवरून उतरू लागल्या. ब्रुखझाल गावी एका लोहाराने त्या दुरुस्त करून दिल्या. विचार करा, त्या लोहाराने उभ्या जन्मात मोटार पाहिलेली नव्हती! पण साखळी म्हणजे काय आणि सैल पडली तर काय करायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

चढावर मात्र लोहाराचाही इलाज नव्हता. इंजिनाची ताकदच पुरेना. मग उतरा आणि ढकला. बैलगाडी चढावर अडली की आपण खांदा लावतो, तसाच तिथे जगातल्या पहिल्या मोटारीला आई आणि मुलांनी खांदा लावला. उतारावर वेगळीच भीती. ब्रेक म्हणजे चाकावर दाबायचे लाकडी ठोकळे; ते घासून गुळगुळीत झाले. बाउशलॉट गावच्या मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले, आणि ब्रेकच्या अस्तराची कल्पना तिथे जन्मली. पट्ट्याचे चामडे घसरू नये म्हणून माणसे दिवसरात्र झटत होती. त्याच चामड्याची पकड या बाईने चाक थांबवायला वापरली.

संध्याकाळी फोर्त्सहाइमला पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी तिघे गाडीनेच परत आले.

घरी आल्यावर बेर्टाने वाटेतली गाऱ्हाणी सांगितली, आणि त्यांतले मोठे गाऱ्हाणे चढाचे होते. तिच्या सांगण्यावरून बेंझने चढासाठी कमी वेगाचा जास्तीचा गीअर बसविला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत धंदा असा वाढला की १८९९ साली त्याच्या कंपनीने ५७२ गाड्या बनविल्या. तेव्हा जगात मोटारी बनविण्यात तीच पहिली होती.

पण इथे मला बेंझविषयी थोडे कडू बोलावेसे वाटते. ज्या पट्ट्याने त्याला यश दिले, त्याला तो फार काळ चिकटून राहिला. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास दातेरी चाकांचा गीअर आणला होता. इंजिनांची ताकद वाढत गेली, तसा चामड्याचा पट्टा तिला पुरा पडेना. तरी बेंझ आपल्या जुन्या रचनेवरच विसंबून होता. गिऱ्हाइके दुसरीकडे वळली आणि १९०३ साली तो कारखान्याच्या कारभारातून बाजूला झाला. रस्त्यावरची कुरकुर त्याने १८८८ मध्ये ऐकली होती, कारण ती सांगायला बेर्टा घरात होती. बाजाराची कुरकुर त्याच्या कानी उशिरा गेली. कार्ल १९२९ साली वारला. बेर्टा १९४४ च्या मे महिन्यात, पंच्याण्णव वर्षे पुरी करून दोन दिवसांनी गेली. तिने ज्या वाटेने प्रवास केला ती वाट २००८ पासून तिच्या नावाने ओळखली जाते.

पट्टा मात्र गेला नाही. रबर आले, पाचरीच्या आकाराचे पट्टे आले, आणि पुलीच्या खाचेत ते असे घट्ट बसू लागले की चामड्याची आठवणही राहिली नाही. गीअर नसलेली जी स्कूटर आज गावोगाव दिसते, तिच्या पोटात असाच एक पट्टा आहे. तो सैल पडू नये म्हणून एक स्प्रिंग पुलीची दोन अंगे सतत दाबून धरते. म्हणजे आमच्या गिरणीवाल्या काकांचे काम आता स्प्रिंग करते. तरीही तो पट्टा कालांतराने झिजतो, चढावर गाडी ओढेनाशी होते, आणि आपण कुरकुरत गॅरेजवाल्याकडे जातो.

शिक्षक मित्रहो, हा धडा वर्गात घ्यायचा असेल तर दोऱ्याची दोन रिकामी रिळे, दोन खिळे, एक फळी आणि सुती नाडी एवढे पुरे. रिळे खिळ्यांवर फिरती ठेवा, नाडीचा वेढा दोहोंवरून घ्या आणि एक रीळ हाताने फिरवा. मग नाडी जरा सैल करून एका मुलाला दुसरे रीळ बोटाने किंचित दाबून धरायला सांगा. पहिले फिरत राहील आणि दुसरे थांबेल. त्यावर काय करावे, हे आधी मुलांना विचारा. ज्याच्या घरी गिरणी आहे किंवा ज्याचा बाप इंजिनावर काम करतो, तो मुलगा बहुधा मागच्या बाकावर बसलेला असेल. त्याला पुढे बोलवा.